पांढऱ्या माशीचा रहिवासी दाखला

पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची. पानाच्या खालच्या बाजूला बसून ती रस शोषते, वर चिकटा सोडते आणि त्यावर काजळी धरते. 1889 मध्ये ग्रीसमधल्या तंबाखूवर तिची पहिली नोंद झाली. 'बेमिसिया टबॅसी' या एकाच नावाखाली आज अनेक जाती नांदतात. दिसायला सगळ्या सारख्या. कोण कुठली, हे डीएनए तपासल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील माणसांसाठी एवढी खटपट कोणी करत नाही; तिथे दुकानाच्या पाटीवरून निकाल लागतो.

देशातील वाटणी ढोबळमानाने अशी: पंजाब-हरियाणाकडे 'एशिया टू-वन', दक्षिणेत 'एशिया वन', आणि 1999 मध्ये कोलारच्या टोमॅटोवर आढळलेली परदेशी 'बी' जात. यांपैकी एकीनेही 1956 चा राज्यपुनर्रचना कायदा वाचलेला नसल्याने सरमिसळ चालूच असते.

ही माशी बटाट्यावरही बसते. बटाट्याला माशीपेक्षा तिने पसरवलेला विषाणू महागात पडतो. 'टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली' हे त्याचे नाव. नाव टोमॅटोचे, पत्ता दिल्लीचा, नुकसान बटाट्याचे. सरकारी कारभाराची सवय असलेल्यांना यात नवल वाटत नाही. शेंड्याची पाने आखडतात, झाड खुजे राहते. उत्तरेत लवकर लावलेल्या पिकाला याचा फटका जास्त. विषाणू बियाण्याच्या कंदातूनही जातो, म्हणजे जालंधरच्या बियाण्याबरोबर त्याला ट्रकने दक्षिणेत येता येते. तपासणी नाक्यावर कागद बघतात, कंद नव्हे.

खरिपातील बटाटा बेळगाव, धारवाड आणि हासनकडे होतो. मुसळधार पावसात माशी टिकत नाही. उघडीप पडली की वाढते.

उत्तर कन्नडमधील जोयडा, म्हणजे जुना सुपा तालुका, महाराष्ट्राच्या दाव्यात आहे आणि कर्नाटकाच्या ताब्यात. या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, सर्वोच्च न्यायालयातील दावा 2004 चा. दोन्ही राज्यांना हवा असलेला हा तालुका बटाट्यावरच्या माशीच्या मात्र कामाचा नाही. काळी नदीचे खोरे, व्याघ्र प्रकल्पाचे रान आणि दांडगा पाऊस; कुणबी परसात कोन, कणगर आणि मुडली हे कंद लावतात. बटाट्याचे नाव घेण्याजोगे पीकच नाही.

शेतात उपाय ठरलेले आहेत: निरोगी बियाणे, पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क. एकच औषध वारंवार फवारले तर माशी त्याला दाद देईनाशी होते. कार्यालयात उपाय याहून सोपा: पीक नाही तिथे पाहणी नाही, पाहणी नाही तिथे कीड नाही. या हिशेबाने बटाट्याच्या कीडनियंत्रणात जोयडा कायम पहिला येतो.