रात्रीचा चतकोर

रात्री झोपण्यापूर्वी कुत्र्याला काही खायला द्यावं की नाही, हा प्रश्न गिरगावात पोळीचा आहे, लालबाग-परळला चपातीचा, आणि दादरला कुठला हे स्टेशनाच्या कोणत्या बाजूला राहता यावर अवलंबून आहे. कुत्र्याला या भाषावादात रस नाही. त्याला दोन्ही बोली समजतात. वाद माणसांत आहे. एक पक्ष म्हणतो, दोन वेळा जेवलेल्या जनावराला अकरा वाजता पुन्हा बिस्किट कशाला, लाडानं डोक्यावर चढवून ठेवलंय नुसतं. दुसरा पक्ष काहीच बोलत नाही, फक्त डब्याचं झाकण उघडतो. माझं मत या झाकणवाल्यांकडे झुकतं, पण एका अटीवर. द्यायचं, रोज द्यायचं, ठरल्या वेळी द्यायचं आणि चतकोर द्यायचं. भाकरी मोडताना अर्धी, चतकोर, नितकोर अशी मापं मराठीनं उगाच करून ठेवलेली नाहीत. देणाऱ्याचा हात कुठे थांबावा, हे त्या मापांतच सांगून ठेवलं आहे.

आधी वैद्यकाचं पाहू, कारण हल्ली लाडालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते. कुत्र्याचं पोट रात्रभर रिकामं राहिलं की काहींच्या बाबतीत आतड्यातलं पित्त उलटं जठरात येतं आणि पहाटे सतरंजीवर पिवळा फेस पडतो. घरचे म्हणतात, काल काहीतरी खाल्लं असणार. खरं कारण बरोबर उलटं असतं: काही खाल्लेलं नसतं. अशा कुत्र्यांना रात्री उशिरा थोडंसं खायला द्या, उपास लांबू देऊ नका, हा पशुवैद्यांचा नेहमीचा सल्ला आहे. (तरीही फेस थांबला नाही तर सरळ परळ गाठावं. तिथल्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला लोक पिढ्यान्‌पिढ्या बैलघोडा हॉस्पिटल म्हणत आले आहेत. नावात कुत्रा नाही, पण बाकावर बहुधा तोच बसलेला असतो.) म्हणजे रात्रीचा घास हे लाडाचं लक्षण म्हणता येतं तसं पित्तावरचं औषधही म्हणता येतं. आणि औषध म्हटलं की मात्रा आली.

मात्रेचा हिशेब अवघड नाही. वरखाऊ हा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, असा पशुवैद्यांचा ढोबळ नियम आहे. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला, मोत्या म्हणू त्याला, दिवसाला साधारण आठशे कॅलरी लागतात, म्हणून वरखाऊला ऐंशी. ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅममागे साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे मोत्याची मजल तीन-चार बिस्किटांवर संपली. दादरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून मालिका पाहणारं पाच किलोचं पॉमेरेनियन घेतलं, तर त्याच्या वाट्याला जेमतेम चाळीस येतात. आता पोळीकडे वळू. मध्यम आकाराची, तुपाशिवायची पोळी शंभर कॅलरींची धरली, तर चतकोर भरतो पंचवीसचा. सोफ्यावरच्या पॉमेरेनियनलाही झेपेल असा. कुठल्याही तक्त्याशिवाय आजीच्या बोटांना हे माप ठाऊक होतं, आणि आपण मात्र परदेशी पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो. उलट बाजूचा दाखलाही आपल्याच घरातला आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा आहे. भक्ती म्हणून ती अजोड, पण आहार म्हणून पाहिलं तर शंभर ग्रॅम तुपात सुमारे नऊशे कॅलरी असतात. मोत्याचा अख्खा दिवस एका वाटीत बुडाला. त्या कुत्र्याला काही झालं नाही, कारण तो साक्षात विठ्ठल होता. आपल्या दाराशी बसलेला विठ्ठल आहे की नाही याची खात्री होईपर्यंत तूप हात राखून लावावं.

यावर शाकाहारी-मांसाहारी दोन्ही गोटांतून एक हरकत येते: कुत्रा लांडग्याचा वंशज, त्याला पोळी-बिस्किट म्हणजे निसर्गाशी द्रोह. या हरकतीला २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनानं बरंच निरुत्तर केलं. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची नोंद त्यानं थेट जनुकात करून ठेवली आहे. पोळी पचवता आली म्हणूनच तो दारात टिकला, असंही म्हणता येईल. तेव्हा चतकोर त्याला नवा नाही. नवे आहेत ते आपले प्रेमाचे अतिरेक. सत्यनारायणाच्या शिऱ्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदेपोह्यातला कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट तर विषच. प्रसादाला नाही म्हणू नये हा नियम माणसांसाठी आहे. कुत्र्याच्या बाबतीत प्रसाद देणाऱ्यालाच नाही म्हणावं.

दुसरी हरकत अशी, की हे सगळं अलीकडचं फॅड आहे. मुंबईत तरी हे म्हणायला तोंड नाही. वैश्वदेवात माणसानं जेवण्याआधी गाय, कावळा आणि कुत्रा यांचा वाटा काढायचा असतो. कुत्र्यासाठी घास बाजूला ठेवायची पारशांची चालही जुनीच. घासाच्या या वाटेकऱ्यावरून, कुत्र्यावरून, या शहरात चक्क दंगल झालेली आहे. कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायला माणसं नेमली होती, दर कुत्र्यामागे आठ आणे. आठ आण्यांचा हिशेब लागला की मोकाट कोण आणि पाळलेलं कोण हा फरक दिसेनासा होतो; माणसं घराघरांत शिरू लागली. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात भडका उडाला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमान व्यापाऱ्यांचीही दुकानं बंद, आणि गोऱ्या पलटणीकडे जाणारा शिधा वाटेतच अडवलेला. मुद्दा साहेबालाही समजेल इतका सोपा करून मांडला होता: आमच्या कुत्र्याची भाकरी बंद, तर तुमचा पावही बंद. अखेर लष्कर आणावं लागलं, अर्जविनंत्या झाल्या, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शेठ यांनी भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभं केलं. ज्या शहरानं कुत्र्यासाठी लष्कराचा नाश्ता थांबवला, त्याला बिस्किटाचं फॅड शिकवायला कुणी बाहेरून यायला नको.

शास्त्रातला घास जेवणाआधीचा होता, तो रात्री अकरावर कसा सरकला, याचं उत्तर मला गिरणगावात दिसतं. दहा बाय बाराच्या खोलीत शेवटचा जेवणारा दुसऱ्या पाळीहून मध्यरात्रीच्या सुमारास यायचा. तो जेवून उठेपर्यंत काय उरणार हे कुणालाच माहीत नसे. म्हणून कुत्र्याचा वाटा पहिल्या ताटाऐवजी शेवटच्या ताटातून निघू लागला असावा. १९८२चा गिरणी कामगारांचा संप झाला, भोंगे एकेक करून गप्प झाले, पण प्राण्याला ठरल्या वेळी खाणं मिळत गेलं की त्याचं शरीर त्या वेळेआधीच तयारीला लागतं. भोंगे गेल्यावर चाळीत घड्याळाशिवाय वेळ सांगणारं असं एकच कुणी उरलं.

तिसरी हरकत मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कुत्री चावतात, रेबीजनं माणूस मरतो, आणि मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईला जनुकं आणि वैश्वदेव ऐकवणं हा उद्धटपणा आहे. महापालिकेच्या २०१४च्या गणनेत मुंबईत पंचाण्णव हजारांवर भटकी कुत्री होती. ती चतकोरानं आली नाहीत आणि चतकोर थांबवल्यानं जाणारही नाहीत. कचरापेटीला कुणी वेळापत्रक लावलेलं नाही. उलट रोजचा घास देणाऱ्याच्याच हाताला कुत्रा मान देतो, आणि लस टोचायला किंवा नसबंदीला न्यायला तीच मान लागते. म्हणून ज्याचा घास त्याचीच जबाबदारी. नुसतं खायला घालून सुईच्या दिवशी गावाला जाणारा माणूस दयाळू नव्हे, अर्धवट. कायदाही मोघम नाही. २०२३च्या नियमांनुसार खाऊ घालायची जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ठरवून दिलेल्या जागीच खायला घाला, असं बजावलं. नियम रास्त आहे. अडचण एवढीच, की जिना, वाट आणि मुलांची खेळायची जागा वगळली तर चाळीत फक्त विहीर उरते, आणि तीही बुजवलेली.

आता प्रत्यक्ष घास कसा घेतला जातो ते पाहा. ओठ मागे ओढून, हाताला दात लागू न देता, कुत्रा तुकडा उचलतो. लगेच खात नाही. पायपुसण्यापर्यंत नेतो, पुढच्या दोन पंजांमध्ये ठेवतो, एकदा हुंगतो, एकदा आपल्याकडे बघतो. मग दोन चाव्यांत संपवून फरशीवरचा चुरा एका रेषेत चाटत जातो, तीन गिरक्या घेतो आणि नाकावर शेपूट ओढून पडतो. पोट भरल्याचा हा देखावा नव्हे; चतकोरानं कुणाचं पोट भरतं? दार लागण्यापूर्वी आपली आठवण झाली, एवढ्याचीच ती पोच.

माझ्या मांडणीला एकच छिद्र आहे आणि ते मी लपवत नाही. चतकोराचा सगळा हिशेब एका कुत्र्यामागे एक घर धरून केला आहे. तीन मजली चाळीत मजल्याला वीस खोल्या, आणि पहिल्या मजल्यावर पंजांत तुकडा धरणारा मोत्या दुसऱ्या मजल्यावर सकाळपासून उपाशी असतो. दहा दारांत दहा चतकोर झाले तर अडीच पोळ्या. नामदेवांची वाटी यापेक्षा फार लांब नाही. उपाय म्हणून एवढंच सुचतं, की तळमजल्याच्या काळ्या फळ्यावर, पाण्याच्या वेळांच्या खाली, पहिल्या देणाऱ्यानं खडूनं लिहून ठेवावं: ‘मोत्याचं झालं.’ पण मोत्याला वाचता येत नाही. तो नेमका त्या फळ्याखालीच बसणार, मान किंचित कलती करून, आणि रात्री उशिरा येणारा माणूस आधी फळा वाचणार, मग त्याचं तोंड बघणार, आणि फळ्यावर कुणीतरी चुकीचं लिहिलंय असं म्हणत जिना चढून डबा आणायला जाणार.