हवेशीर गृहस्थ

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात, एन-१ पासून एन-१२ पर्यंतच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींतील रो-हाउसांच्या वरच्या मजल्यावर, एप्रिलचा पहिला आठवडा उलटला की एक विशिष्ट प्रकारचा गृहस्थ हाती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसलेला आढळतो. वाळूजच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल पाहणारा अभियंता असो, की पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करणारा संगणकतज्ज्ञ, त्याची खरी निष्ठा टेबलाखालच्या संगणकाच्या पेटीत, म्हणजे बाजारात जिला कॅबिनेट म्हणतात तिच्यात, हवा कोठून शिरते आणि कोठून बाहेर पडते या एकाच प्रश्नाला वाहिलेली असते. घरात अन्यत्र हवा कशी खेळते याविषयी तो सहसा उदासीन असतो, आणि स्वयंपाकघरातील बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन दोन वर्षे तसाच राहिला असल्यास त्यातून त्याच्या शास्त्रज्ञानाविषयी शंका घेणे योग्य नव्हे.

त्याचे शास्त्र पक्के असते, हे आधी मान्य केले पाहिजे. कॅबिनेटच्या पुढील बाजूने थंड हवा आत ओढणारे पंखे आणि मागील व वरील बाजूने तापलेली हवा बाहेर टाकणारे पंखे, अशी ही मूळ व्यवस्था असते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की पेटीत किंचित अधिक दाब राहतो, आणि मग धूळ प्रत्येक फटीतून न शिरता पुढच्या जाळीवरच अडकते. मराठवाड्यातील उन्हाळी धूळ पाहता हा विचार शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. मात्र ती जाळी धुवावी लागते, आणि या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने घरातील हंडे, ड्रम आणि टाकी यांच्या रांगेत ही जाळीही येऊन उभी राहते, व तिचा क्रम कोणता यावरून मातोश्रींशी होणारा संवाद फार काळ तांत्रिक पातळीवर राहत नाही.

पंख्याचा आवाज हा त्याचा दुसरा ध्यास होय. पंख्याची गती दुप्पट केली तर हवाही दुप्पट मिळते, परंतु त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही बराच वाढतो. उलट सारख्याच आवाजाचा आणखी एक पंखा शेजारी बसवला तर एकूण आवाजात जेमतेम ३ डेसिबलची भर पडते. यावरून एका पंख्याला पळवण्यापेक्षा अनेकांना रमतगमत फिरवावे असा निष्कर्ष निघतो, जो बरोबर आहे, आणि म्हणून पंखे तीनावरून सहावर न्यावेत असाही, जो त्याला सोयीचा आहे. कॅनॉट या बाजारपेठेतील दुकानदार त्याच्यापुढे रंगीबेरंगी दिव्यांचा संच ठेवतो, तेव्हा तो ज्या नजरेने त्याकडे पाहतो ती नजर शास्त्रीय संगीताच्या मैफलीत शिट्टी ऐकू आल्यावरच दिसते. त्याला हवा असतो ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचा, दिवे नसलेला, तपकिरी आणि फिक्या बदामी रंगाचा पंखा, ज्याच्या पात्याचे टोक आणि चौकट यांच्यात अवघे अर्धा मिलिमीटर अंतर असते. वडील मात्र हिशेब निराळ्या पद्धतीने मांडतात: हा पंखा १२० मिलिमीटरचा, छताचा पंखा १२०० मिलिमीटरचा, आणि तेवढ्याच पैशात साधा छताचा पंखा येतो. या युक्तिवादात गणिताची चूक कोठेही नसल्यामुळे त्याला उत्तर देणे कठीण जाते.

पंखे बसवल्यावर परीक्षा होते ती उदबत्तीने. देवघरातील उदबत्ती कॅबिनेटच्या जाळीपुढे धरून धुराची रेघ आत ओढली जाते का आणि मागून सुटते का, हे तो डोळे बारीक करून पाहतो. क्वचित एखादा पंखा उलटा बसवल्याचे उघड होते, कारण हवेची दिशा दाखवणारा बारीक बाण चौकटीच्या कडेवर असतो आणि उत्साहाच्या भरात तिकडे लक्ष जात नाही. त्यानंतर 'फॅन कर्व्ह', म्हणजे प्रोसेसर किती तापला असता पंख्याने किती वेगाने फिरावे याचा आलेख, आखण्याचे काम सुरू होते आणि ते सहसा संपत नाही.

या सर्व उद्योगात एक अडचण आहे, जी त्याला पूर्ण ठाऊक असते आणि ज्याविषयी तो बोलत नाही. पंखा हवा थंड करीत नाही, फक्त हलवतो. म्हणून खोलीत जे तापमान असेल त्याच्या खाली प्रोसेसर कधीच जाऊ शकत नाही. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखालची खोली ४१ अंशांवर असते, तेव्हा सहा पंखे मिळून ४१ अंशांचीच हवा अत्यंत शिस्तीने आत आणतात. प्रोसेसरचे नुकसान होण्याची भीती तशी नसते, कारण बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. दरम्यान वडील गच्चीवर चुना मारून घेतात आणि खोली खरोखर उतरते, परंतु चुन्याचा आलेख निघत नसल्याने त्याची नोंद राहत नाही.

शहराचा इतिहास या बाबतीत अधिक व्यवहारी आहे. पाणचक्कीच्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचा माथा असल्याने ते दालन पाण्यानेच गार राहते. पाहुण्यांना तेथे नेल्यावर हा गृहस्थ त्या योजनेचे कौतुक करतो खरे, पण मन रमते ते १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरच्या नहरींत, जेथे जमिनीखालच्या नळांतील कोंडलेली हवा सोडण्यासाठी मनोरे उभारले होते. हा एक्झॉस्टच होय, असे तो पाहुण्यांना सांगतो, आणि पाहुणे चहाची चौकशी करतात. स्वतःच्या घरी मात्र पाण्याचा उपयोग एवढाच होतो की बैठकीतील कूलर हळूहळू सरकत कॅबिनेटसमोर येतो. दमट वाऱ्याने धूळ पात्यांना चिकटून बसते हे आठवडाभरात कळते. तोवर वडील घामाघूम होऊन वर्तमानपत्राने वारा घेत असतात.

जूनमध्ये पाऊस येतो, खोली ४१ वरून ३० अंशांवर उतरते आणि तिच्याबरोबर प्रोसेसरही तेवढाच उतरतो. तो पडद्यावरील आकडा त्याच संध्याकाळी सर्व मित्रांना पाठवला जातो, आणि सोबत नव्या फॅन कर्व्हचे चित्रही असते.