सुतळीला दोन गाठी

पिकअप घेताना पेट्या किती मावतात, घाटात दुसऱ्या गिअरवर चढते का, डिझेल किती पिते, याची चौकशी सगळे करतात. तिच्यात माणसं चढणार कशी, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. आमची डबल केबिन अशीच रत्नागिरीत दाराशी आली. पूजा झाली, पेढे वाटले. आईने नारळ फोडला, गाडीकडे खालून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हो. मी आपली एस्टीने येईन."

मग फूटस्टेप बसवणं आलं.

फूटस्टेप या विषयावर आपल्याकडे इतके तज्ज्ञ असतील याची मला कल्पना नव्हती. पुतण्याला जाडजूड काळे पाइप हवे होते, कारण त्यामुळे गाडीला 'लुक' येतो. ह्यूस्टनच्या मामेभावाने व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या पिकअपचं दार उघडून दाखवलं. दार उघडताच मोटर फिरून पायरी बाहेर आली, दार लावताच आत गेली. आई कौतुकाने बघत होती. "आणि चिखल बसून अडकली तर?" तिने विचारलं. मामेभाऊ म्हणाला, "आत्या, इकडे चिखल नसतो." तेवढ्यावर अमेरिका बाद झाली.

खरं तर एकेकाळी प्रत्येक मोटारीला ही फळी असायचीच. 1908ची फोर्डची मॉडेल टी बघा: पुढच्या मडगार्डपासून मागच्या मडगार्डपर्यंत सरळ लांब पट्टी. मोटारी घोडागाडीसारख्या उंच होत्या, तोवर तिच्याशिवाय चालत नव्हतं. पुढे मोटारी बुटक्या आणि रुंद झाल्या, फळी पोटात गेली आणि 1950च्या आसपास बहुतेक गाड्यांवरून दिसेनाशी झाली. आता गाड्या पुन्हा उंच झाल्यात, आणि जी पायरी एके काळी गाडीसोबतच मिळायची ती आपण वेगळे पैसे मोजून घेतो. याला प्रगती म्हणतात.

आंब्याचा सीझन आटोपल्यावर कोल्हापूरला गेलो. आई गाडीत चढली ती प्लॅस्टिकच्या स्टुलावरून, आणि ते स्टूल मांडीवर घेऊनच बसली.

दुकानातल्या पोराने आधी बुलगार्ड दाखवला. 2017च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड काढायला लावायला सांगितलं होतं, कारण रस्त्यावरच्या माणसाला ते जास्त लागतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात. हे मी त्याला सांगितलं. "सर, सगळेच लावत्यात की," तो म्हणाला, आणि गार्ड परत भिंतीला टेकवून ठेवला. नाराजीने नव्हे, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

मग चकचकीत स्टीलचे पाइप आले. पोराने खिशातून लोहचुंबक काढून पाइपाला लावलं. ते खाली पडलं. "चिकटत न्हाई. म्हणजे एक नंबर स्टेनलेस."

आता मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. स्वस्त 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि चांगल्या 304लाही नाही. फरक निकेलचा. 202मध्ये निकेल वाचवायला मँगनीज घालतात, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर लवकर तांबेरा धरतो. माझं हे व्याख्यान दुकानातल्या चहावाल्यानेही उभं राहून ऐकलं. पोरगा म्हणाला, "मग सर, चुंबक ठेवू खिशात?"

तेवढ्यात आई पुढे झाली. तिने कनवटीची सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या. एक गाठ केबिनच्या जमिनीच्या उंचीवर. ती तिने घरीच, गाडीशी उभं राहून मारली होती. मग सुतळी दुमडून बरोबर मध्यावर दुसरी. "दोन्ही चढ सारखे पाहिजेत," ती म्हणाली. "पहिली पायरी सोपी आणि दुसरीला गुडघा, असं मला नको."

सुतळी गाडीच्या कडेला सोडून पाहिली, तर देखणे पाइप सगळे वरच्या गाठीच्या जवळ. दाराच्या खाली जेमतेम चार बोटं. त्यांच्यावर पाय ठेवायचा तर आधी गाडीतच चढावं लागलं असतं. शिवाय पाइप गोल. पावसात चप्पल ठरणार कशी? पुतण्याचा लुक तिथेच गळला.

खाली येणारी एकच वस्तू निघाली: अ‍ॅल्युमिनियमच्या चेकर प्लेटची रुंद, सपाट पायरी, कडेला रबर. पण ती मधल्या गाठीपर्यंत उतरवली तर बागेच्या वाटेवरचा जांभा तिला पहिल्याच दिवशी सोलून काढणार. आईला पायरी खाली हवी, वाटेला वर हवी. बरीच घासाघीस होऊन आई दोन बोटं वर सरकली. भाव करताना ती भाजीवाल्यापाशीसुद्धा इतकी सरकत नाही.

पोरगा मात्र कळवळला. "आज्जी, ह्ये वडापवाले लावत्यात वो. नव्या गाडीला शोभंल का?"

"वडापात म्हाताऱ्या चढतात ना?" आई म्हणाली. "मग त्यांना कळतं."

फिटर वेल्डिंगचा पाइप घेऊनच आला होता. चॅसीला वेल्डिंग नको, आधीच्या भोकांतच ब्रॅकेट बोल्टने आवळ, हे त्याला पटवण्यात माझं बोलून बोलून तोंड दुखलं. बसवून झाल्यावर आईने दाराची मूठ धरली, एक पाय, दुसरा पाय, आत. स्टूल पोराला देऊन टाकलं. त्याच्या मालकाने त्यावर लगेच बसून पाहिलं.

परतीच्या वाटेवर मलकापूरच्या स्टँडपाशी वेग कमी केला, तर एका धोतरवाल्या आजोबांनी हात केला, आमच्या नव्या पायरीवर पाय ठेवला आणि खिडकीतून डोकं घालून विचारलं, "आंबा?"

"सीझन संपला," मी म्हणालो.

"अरे, ते आंबा गावाला जायचं म्हणतायत," आई म्हणाली आणि सरकून जागा केली. "या हो. पंधरा रुपये."