नळीची उसळी

एअर पिस्तुलाचा सामना पहिल्यांदा बघणाऱ्याची जरा निराशाच होते. ना धूर, ना धडाका, नुसतं ‘फट्ट’. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि पिस्तूल किलोभर वजनाचं. एवढ्याशा जिवाने एवढं धूड काय हलणार? पण हलतं. नळी मुठीच्या वर असते, मागे येणारा धक्का मनगटाच्या वरून जातो आणि नळीचं तोंड किंचित वर उसळतं.

हे ‘किंचित’ भल्याभल्यांची झोप उडवतं. 10 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं. शिवाय पिस्तूल एकाच हाताने धरायचं, असा नियम. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली तुर्कस्तानचा युसूफ डिकेच दुसरा हात खिशात घालून रौप्यपदक घेऊन गेला, तेव्हा जग थक्क झालं. नेमबाजांना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही. रिकाम्या हाताने लुडबुड करू नये म्हणून तो खिशातच बरा.

उसळी दिसली की नवशिका मूठ आवळतो. बोटं पांढरी पडतात, दंड थरथरतो. त्याहून हुशार माणूस उसळी येण्याआधीच नळी खाली दाबतो. मग छर्रा आज्ञाधारकपणे खालच्या सहात जाऊन बसतो.

कारागिरांनीही या उसळीवर डोकं चालवलं आहे. काही पिस्तुलांच्या नळीला पुढे वरच्या बाजूने भोकं असतात. तिथून हवा वर सुटते आणि तोंड खाली राहतं. काहींच्या पोटात सरकतं वजन असतं, ते धक्का पचवतं. तरी थोडी उसळी उरतेच, आणि उरावीच. छर्रा सेकंदाच्या काही हजाराव्या भागात नळीबाहेर पडतो. आपल्याला दिसते ती उसळी बहुतेक त्यानंतरची. तिची सुरुवात मात्र छर्रा नळीत असतानाच होते. म्हणून ती किती आहे, यापेक्षा दर वेळी सारखी आहे का, हे महत्त्वाचं. सारखी असेल तर साइटचा स्क्रू फिरवून तिचा हिशेब चुकता करता येतो. आज एक, उद्या दुसरी, अशा उसळीला कुठलाच स्क्रू पुरत नाही.

घरातल्या आजोबांच्या रागासारखं हे प्रकरण आहे. दाबायला गेलात तर भडकतो. वाट मोकळी ठेवलीत तर चढतो तसा उतरतो.

तेव्हा नव्या नेमबाजांनो, फट्ट झाल्याबरोबर हात खाली टाकून गुण बघायला धावू नका. क्षणभर तसेच उभे राहा आणि नळी कुठे जाते ते बघा. सरळ वर जाऊन आपल्या जागी परतली, तर खुशाल पुढचा छर्रा भरा. तिरकी गेली, तर पिस्तुलाला नावं न ठेवता मूठ सोडा आणि पहिल्यापासून धरा.