साडूंचा सुधारलेला डॅटसन

जुना जपानी पिकअप ट्रक बाळगणाऱ्या माणसांत दोन पंथ आहेत. एक सनातन्यांचा. कारखान्यातून जो स्क्रू लागून आला तोच ट्रकला राहिला पाहिजे, मग गंजून त्याचं तोंड ओळखू येईनासं झालं तरी हरकत नाही. दुसरा सुधारकांचा. यांच्या मते कारखान्याने पाठवलेला ट्रक हा नुसता कच्चा खर्डा. तो पक्का करणं मालकाच्या हाती. आमचे साडू मूळचे सांगलीचे, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात, आणि ते कट्टर सुधारक आहेत. सुधारकाला घरातून विरोध व्हायचा ही महाराष्ट्राची जुनी रीत. ती आमच्या मेहुणीने फ्रीमाँटमध्येही इमानाने पाळली आहे.

साडूंचा ट्रक म्हणजे १९७४ सालचा डॅटसन ६२०. कुशीवरून लांबट घडी गेलेली, म्हणून तिकडचे शौकीन याला ‘बुलेटसाइड’ म्हणतात. १७७० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, आणि हँडब्रेक डॅशबोर्डखालून ओढायचा. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. आपल्याकडे डॅटसन हे नाव २०१४ साली छोट्या मोटारीवर बसून आलं आणि २०२२ साली गेलंसुद्धा. साडूंचा डॅटसन मात्र जायचं नाव काढत नव्हता, आणि मेहुणीची तक्रार नेमकी तीच होती.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. त्यामुळे १९७४ चा मालक बॉनेटखाली काय करतो हे सरकार दर दोन वर्षांनी येऊन बघत नाही. या स्वातंत्र्याचा साडूंनी पुरेपूर उपभोग घेतला होता. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. मूळ हिताची कार्ब्युरेटर उतरवून वेबर ३२/३६ चढवला. इंजिनाच्या जोरावर फिरणारा पंखा काढून विजेचा लावला. जुने सील्ड बीम काढून समोरच्याला दिपवणारे दिवे बसवले. आणि पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक लावले, १९७८ च्या ६२० वरून उतरवलेले. त्या साली कंपनीने स्वतःच ही सुधारणा केली होती. “म्हणजे कंपनीला जे चार वर्षांनी सुचलं, ते मी फक्त मागे नेलं,” असं साडूंचं म्हणणं.

लाँग बीचला २००५ पासून जुन्या जपानी गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. सप्टेंबरात आम्ही उभयता फ्रीमाँटला पोचलो तेव्हा साडूंनी तिकडे ट्रक न्यायचं ठरवून टाकलं होतं. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. बायका हायब्रिड मोटारीतून मागून येणार आणि मी ट्रकमध्ये साडूंच्या शेजारी बसणार, हेही ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. साडू या नात्यात विचारायची पद्धत नसावी.

निघताना मेहुणीने एक जुनी सूटकेस ट्रकच्या हौद्यात आणून आदळली. एके काळी भारतातून मसाले आणि पापड आणणारी ही सूटकेस आता जुन्या टी-शर्टांत गुंडाळलेल्या मूळ सुट्या भागांनी भरली होती. “हे सगळं तिकडे त्या सनातन्यांना विकून या. नाहीच विकलं गेलं, तर पॅसिफिक मोठा आहे.” सूटकेसमध्ये एक लाकडी पाचरही होती. हे काय, असं मी विचारलं तेव्हा साडूंचा चेहरा उजळला. या इंजिनाचं हेड काढताना टायमिंग चेनच्या मधोमध अशी पाचर ठोकून ठेवावी लागते. नाही ठोकली तर चेन सैल पडते, तिला ताणणारा खटका जागेवरून उडतो, आणि मग तो बसवायला इंजिनाचं पुढचं झाकण उघडावं लागतं. जपानी इंजिनिअरांनी एवढं सुबक इंजिन घडवलं आणि त्याची अब्रू शेवटी सुताराच्या हाती दिली, हे मला आवडलं. हौद्याच्या बाहेरच्या अंगाला दोर अडकवायला आकडे आहेत, त्यांना साडूंनी सूटकेस करकचून बांधली आणि आम्ही निघालो.

दक्षिणेला जायला पाच नंबरचा सरळसोट महामार्ग आहे. साडूंनी नव्व्याण्णव नंबर धरला. “पाचवर बंद पडलो तर मैलोन्मैल माणूस दिसत नाही. नव्व्याण्णववर गावाला गाव लागून आहे.” बंद पडण्याच्या सोयीने रस्ता निवडणारा चालक मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

अल्टामाँट खिंडीतल्या पवनचक्क्या मागे टाकून, मोडेस्टो ओलांडून आम्ही लिव्हिंग्स्टनच्या जवळ आलो. हा कोंबड्यांचा मुलूख. वास यायला लागला आणि त्याच वेळी इंजिनाने एक उचकी देऊन मौन धरलं. साडूंनी ट्रक कडेला घेतला, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “साडूभाऊ, जरा बॅटरी धरा.”

“दिवसाउजेडी?”

“डिस्ट्रिब्युटरच्या आत सूर्य पोचत नाही.”

दुसऱ्याच्या दुरुस्तीत बॅटरी धरणं हे जगातलं सगळ्यांत अपमानास्पद काम आहे. उजेड कुठेही पाडा, बघायचं असतं ते त्याच्या शेजारी. “इकडे नाही हो, तिकडे. डोळ्यांवर नको. अहो, माझ्या नव्हे, डिस्ट्रिब्युटरवर!” इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा तो चिमुकला काळा ठोकळा उन्हाने गतप्राण झाला होता, आणि अशा ठोकळ्यात उघडून बघण्यासारखं काही नसतं. साडूंनी निमूटपणे सूटकेस सोडली आणि जुने पॉइंट, कंडेन्सर बाहेर काढले. सांगलीत बजाज स्कूटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासण्यात ज्यांचं तारुण्य गेलं त्यांना हे काम शिकवावं लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरची फट फिलर गेजने मोजून त्यांनी पॉइंट आवळले. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

“बघा,” साडू म्हणाले, “सुधारकाने परतीचा रस्ता ठेवलेला असतो.”

पुढच्या प्रवासात त्यांनी मला कोंबडीचं राजकारण सांगितलं. साठीच्या दशकात अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात इतकी खपू लागली की फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीतले शेतकरी ओरडले आणि तिच्यावर जकात बसली. अमेरिकेने १९६४ पासून उट्टं काढलं: बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर पंचवीस टक्के कर. पहिल्या तिघांवरचा पुढे गेला, ट्रकवरचा अजून आहे. भांडण युरोपशी, पण दणका जपान्यांनाही. त्यांनी तोड काढली. हौदा नसलेला ट्रक हा कायद्याने पुरता ट्रक नव्हे, त्यावर चारच टक्के. मग केबिन आणि सांगाडा वेगळा पाठवायचा, हौदा वेगळा, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर दोघांचं लग्न लावायचं. १९८० साली सरकारने ही वाट बुजवली. लिव्हिंग्स्टनच्या कोंबड्यांना याचा पत्ता नसावा, पण आमचा ट्रक त्यांच्याच दारात रुसला होता.

फ्रेझ्नोच्या पुढे उष्मा चाळिशीला टेकला आणि ट्रक खोकू लागला. या इंजिनाचा पेट्रोल पंप हेडलाच बसवलेला असतो, कॅमच्या जोरावर चालतो. म्हणजे पेट्रोलची वाट भट्टीच्या कडेनेच जाते. त्यात साडूंनी वेबरसाठी घातलेली नवी नळी एक्झॉस्टला बिलगून गेली होती. आतल्या आत पेट्रोलची वाफ होत होती. शिवाय वेबरखालच्या जोडपट्टीचे नट धक्क्यांनी ढिले होऊन इंजिन बाहेरची हवा ओढत होतं. आम्ही आचके देत एका पंजाबी ढाब्याच्या आवारात शिरलो. या खोऱ्यात पंजाबी शेतकरी आणि ट्रकवाले पिढ्यांपासून आहेत, त्यामुळे अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत आमचं चार चाकी प्रकरण उभं राहताच सरदारजींचा घोळका जमला.

“ओ जी, ये बच्चा किसका है?” एकाने विचारलं.

मेहुणीने हायब्रिडमधून उतरता उतरता साडूंकडे बोट दाखवलं.

पराठे आले, लस्सी आली, सल्ले आले. कुणी म्हणालं नळीवर ओलं फडकं गुंडाळा, कुणी म्हणालं नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावा, इथले म्हातारे शेतकरी तेच करायचे. शेवटी वेबर उतरला आणि सूटकेसमधून हिताची वर आला, सोबत त्याची धातूची मूळ नळी, जी कारखान्याने शहाणपणाने एक्झॉस्टपासून लांबून वाकवली होती. गॅस्केट फाटलेलं निघालं. ढाब्यावाल्याने बर्फीचा रिकामा खोका दिला. साडूंनी त्याचा पुठ्ठा कातरला, सरदारजींपैकी एकाने भोकं पाडली आणि मी बॅटरी धरली. नव्या गॅस्केटवर ‘शुद्ध देशी घी’ ही अक्षरं इंजिनाच्या बाजूला आली. ट्रक असा काही गुरगुरला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“हंगामी व्यवस्था आहे,” साडू म्हणाले. मी मान डोलावली. सूटकेस हलकी होत चालली होती.

बेकर्सफील्डला अंधार पडला. नवे दिवे लावल्यावर रस्ता लख्ख दिसला आणि पाठोपाठ केबिनमध्ये जळका वास सुटला. या काळातल्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातूनच जातो. नव्या दिव्यांची भूक मोठी, बटण पन्नाशीचं. मध्ये रिले घालून हा भार बटणावरून उतरवायचा असतो. रिले साडूंनी मागवले होते, ते आम्ही निघाल्यानंतर फ्रीमाँटला पोचणार होते. तेव्हा मोटेलच्या आवारात सील्ड बीम परत आले. या वेळी बाहेरही काळोख होता, त्यामुळे बॅटरी धरणाऱ्याला थोडा मान मिळाला. जुन्या दिव्यांचा उजेड पिवळा आणि मंद. साडू बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. “डोळ्यांना त्रास देत नाही,” ते म्हणाले. सुधारक माणसाच्या तोंडून हे वाक्य निघणं म्हणजे मोठीच घटना.

सकाळी ग्रेपव्हाइनचा चढ. टेहोन खिंड समुद्रसपाटीपासून ४,१४४ फूट, म्हणजे १,२६३ मीटर. पायथ्याशी पाटी लागते: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. ज्याला एसीच नाही त्याने ही सरकारी सूचना कशी पाळावी, यावर आम्ही बोलत असतानाच तापमानाचा काटा निघाला. साडूंनी हीटर पुरा उघडला. यात शास्त्र आहे. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तो चालू केला की इंजिनाची उष्णता केबिनमध्ये येते आणि इंजिन वाचतं. केबिनमधली माणसं वाचतात की नाही याबद्दल शास्त्र मौन पाळतं. बाहेर रणरणतं ऊन, पायांवर हीटरचा झोत, आणि शेजारून हायब्रिड नि:शब्द पुढे गेली. खिडकीतून आमच्या हिने थंड पाण्याची बाटली उंचावून दाखवली.

विजेच्या पंख्याचा फ्यूज गेला होता. दुसरा घातला, तोही गेला. मग ट्रक चढावरच कडेला घेतला, आणि हँडब्रेकवर फार विसंबायचं नसल्यामुळे ती लाकडी पाचर चाकाखाली ठोकली. इंजिन निवेपर्यंत वाट पाहून साडूंनी मूळ पंखा पाण्याच्या पंपावर चार बोल्टांनी आवळला. या पंख्याला ना फ्यूज, ना वायर. इंजिन फिरलं की तो फिरणार. काटा खाली आला तो लाँग बीचपर्यंत पुन्हा वर गेला नाही.

खिंडीपलीकडचा उतार आणि लॉस एंजेलिसची वाहतूक यांत मात्र साडूंच्या एका सुधारणेने आमचे प्राण राखले. लांब उतारावर ड्रम तापले की ब्रेक पाय दाबूनही लागेनासे होतात. डिस्क उघड्या वाऱ्यावर असतात, लवकर निवतात. पुढच्या मोटारवाल्याने कारण नसताना करकचून ब्रेक लावला तेव्हा आमचा ट्रकही जागच्या जागी थांबला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे याची दाद कुणी दिली नाही.

प्रदर्शनात समुद्राकाठच्या हिरवळीवर झेड मालिकेच्या मोटारी, स्कायलाइन, माझदा ओळीने उभ्या होत्या. अमेरिकेला डॅटसनची गोडी लावणाऱ्या आणि १०५ वर्षं जगून २०१५ साली गेलेल्या युताका कातायामांचं नाव तिथे सगळे अदबीने घेत होते. आम्ही ट्रक लावला न लावला तोच एक वृद्ध जपानी अमेरिकन गृहस्थ आले. त्यांचे वडील इथे बागकाम करत आणि अशाच ट्रकच्या हौद्यात गवत कापायची यंत्रं नेत. ते खाली वाकले, बॉनेटमध्ये डोकावले. हिताची पाहिला, मूळ पंखा पाहिला, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायला लावून पॉइंट पाहिले. चाकांच्या टोप्यांमागच्या डिस्क काही त्यांना दिसल्या नाहीत. मग सरळ होऊन ते गंभीरपणे म्हणाले, “पन्नास वर्षांत कशालाही हात न लावलेला ट्रक आता कुठे बघायला मिळतो! असाच ठेवा. काही बदलू नका.”

साडूंनी नम्रपणे मान झुकवली. “खूप मेहनत घ्यावी लागते,” ते म्हणाले. हे मात्र अक्षरशः खरं होतं.

तासाभरात त्यांच्याभोवती सनातन्यांचा दरबार भरला. मूळ नळी कशी जपावी, पॉइंट किती दिवसांनी घासावेत, अशा शंकांना साडू अधिकारवाणीने उत्तरं देत होते. सूटकेसमध्ये आता नवे भाग होते, आणि त्यांतला वेबर एका तरुण सुधारकाने चांगली किंमत देऊन नेला. मेहुणीला वाटलं, वनवास संपला.

तेवढ्यात साडू दिसेनासे झाले. शोधत गेलो तर दोन रांगा पलीकडे एका ६२० च्या बॉनेटमध्ये ते कमरेपर्यंत शिरले होते. त्या ट्रकच्या मालकाने नव्वदच्या दशकातल्या निसानचं २.४ लिटरचं इंजिन बसवलं होतं, फ्युएल इंजेक्शनसह. साडू खिशातल्या वहीत गिअरबॉक्सची लांबी टिपून घेत होते.

“साडूभाऊ,” त्यांनी मान वर न करता हाक मारली, “जरा बॅटरी धरता का?”

मी बॅटरी मेहुणीच्या हाती दिली आणि ट्रकमधली माझी बॅग काढून हायब्रिडच्या डिकीत ठेवली.