यादीत नाव नाही? या साहेब!

शहाड स्टेशनाबाहेरच्या मेडिकलवर संध्याकाळी जरा रेंगाळलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘भाऊ, कंबर पार धरलीय, जरा स्ट्राँग गोळी द्या.’ कसारा लोकलला लोंबकळून आलेल्या माणसाची कंबर धरणारच. त्यात पुलावरच्या कोंडीत रिक्षा अडकली की मानही धरते. दुकानदार सज्जन असला तर चिठ्ठी मागतो. नसला तर ‘किती देऊ?’ एवढंच विचारतो.

या ‘स्ट्राँग’ गोळ्यांच्या पट्टीवर कोपऱ्यात लाल अक्षरं असतात. ट्रामाडॉलच्या पट्टीवर ‘एनआरएक्स’. टॅपेंटाडॉलच्या पट्टीवर, 2025 साली तिच्यावरून जगभर बोभाटा झाला तेव्हाही, नुसतं ‘आरएक्स’. दोन्ही मूळच्या एकाच जर्मन कंपनीच्या. दोन्हींनी खसखशीचं शेत कधी पाहिलेलं नाही, सगळा जन्म कारखान्यातला, पण मेंदूत गेल्यावर काम अफूचंच. सेंच्युरी रेयॉनच्या चिमणीखाली वाढलेल्या शहाडकरांना यात नवल वाटायला नको. लाकडाच्या लगद्याचं रेशमासारखं सूत होताना आम्ही पाहिलंय. फरक आहे तो त्या एका ‘एन’चा. तो ज्या पट्टीवर आहे तिच्यामागे अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा लागतो. साठा मोठा असला तर दहा वर्षं आत, आणि जामीन मिळायची मारामार. ज्या पट्टीवर नाही तिच्यामागे औषध निरीक्षक, तोही फुरसत मिळाली तर.

हा कायदा 1985 चा. 23 ऑगस्टला लोकसभेत मांडला, 16 सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि लागू झाला तो बालदिनी. घाई दिसतेच. गांजा, अफू, कोका यांना तो झाडापासून ओळखतो. कारखान्यातला माल मात्र तो नावानिशी ओळखतो, सरकारी अधिसूचनेतल्या यादीतून. सोसायटीच्या वॉचमनच्या हाती चोरांची यादी द्यावी, त्याने आलेल्याला नाव विचारावं आणि ते यादीत नसलं की ‘या साहेब’ म्हणावं, तसलीच ही पहाऱ्याची पद्धत.

मेफेड्रोनचं उदाहरण तर घरचंच. ‘म्याऊ म्याऊ’ नावाने ते मुंबई-ठाण्याच्या पोरांना पोखरत होतं आणि पोलीस हात चोळत बसले होते, कारण यादीत नाव नव्हतं. ते चढलं फेब्रुवारी 2015 मध्ये. ट्रामाडॉलचं चढलं एप्रिल 2018 मध्ये, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या पोरांना भारतीय ट्रामाडॉलची चटक लागून वर्षं उलटल्यावर. मग कारखानदारांनी काय केलं? शेजारची बरणी उघडली. तिच्यावर टॅपेंटाडॉल लिहिलेलं होतं.

आता पालघर. 2014 च्या ऑगस्टपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे ‘ते तिकडचं प्रकरण’ म्हणायची सोय आपल्याला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेला तपास दाखवला. अ‍ॅव्हिओ फार्मास्युटिकल्स ही पालघरात कारखाना असलेली कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकाच गोळीत घालून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवत होती. पहिलं जोरदार वेदनाशामक, दुसरं स्नायू सैल करणारं. दोन्ही एकत्र पोटात गेली की श्वास मंदावतो, फिट येते, माणूस दगावूही शकतो. घानातल्या तमाले शहरात या गोळ्या पकडायला शेवटी गावकऱ्यांनीच पथक काढलं.

खरी मेख पुढे आहे. ही दोन औषधं वेगवेगळी घ्यायला भारतात मान्यता होती, एकत्र करून घ्यायला नव्हती. म्हणजे ती गोळी शहाडच्या मेडिकलवर ठेवली असती तर गुन्हा. पेटीत घालून बंदरावर नेली तर निर्यात! शेजारचं उल्हासनगर मालावर ‘मेड इन यूएसए’ छापतं म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या हसलो. त्या बिचाऱ्यांनी निदान चपला-जीन्सवरच भागवलं.

बीबीसीच्या बातमीनंतर पडलेल्या छाप्यात सुमारे 1 कोटी 30 लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त झाल्या. हे यादीबाहेरचं औषध.

यादीतल्या औषधांचं फार बरं चाललंय असं समजू नका. 2014 मध्ये संसदेने एक खरोखर चांगलं काम केलं. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळवताना राज्याराज्यांच्या परवान्यांत नातेवाईक मेटाकुटीला येत, म्हणून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा औषधांचा ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळा गट करता यावा अशी दुरुस्ती केली. या गटाची व्याख्या कलम 2 मध्ये आठव्या-ए खणात बसवली आणि तिथे आधी बसलेली ‘अवैध व्यापारा’ची व्याख्या एक घर पुढे सरकवली. गंमत अशी, की अमली धंद्याला पैसा पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षं आत टाकणारं कलम 27-ए जुन्याच घराकडे बोट दाखवत राहिलं. तिथे आता औषधाची व्याख्या राहायला आलेली. शिक्षा जागेवर, गुन्हा बेपत्ता.

हे किती वर्षं कुणाच्या लक्षात येऊ नये? सात. मधल्या काळात, 2020 मध्ये, एका अभिनेत्रीवर हेच 27-ए लावलं गेलं आणि सगळे चॅनेल महिनाभर ‘सत्तावीस-ए, सत्तावीस-ए’ म्हणून किंचाळत होते. ते कलम पोकळ झालंय हे सांगायला एकही पॅनेलवाला वकील धावला नाही. 2021 मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने बोट ठेवलं, तेव्हा दिल्लीला जाग आली. 30 सप्टेंबरला अध्यादेश, डिसेंबरमध्ये कायदा आणि तो लागू 1 मे 2014 पासून! आपल्याकडे रेशनकार्डावर नावाची वेलांटी चुकली तर तीन चकरा मारायला लावतात, हे मला उगीच आठवलं म्हणून.

यावर इलाज नाही असंही नाही. चीनने मे 2019 मध्ये फेंटानिलचं अख्खं खानदानच नियंत्रणात घेतलं. रेणूचा एखादा हात बदलून नवं नाव दिलं तरी सुटका नाही. अमेरिकेनेही जुलै 2025 मध्ये तोच कायदा केला. आपल्याला एकेका नावाची वाट पाहायची हौस का? मात्र ‘सगळंच बंद करा’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. पोलिसांची झंझट नको म्हणून मेडिकलवाला मॉर्फिन ठेवायचंच सोडून देतो आणि कळ सोसतो तो अंथरुणावरचा म्हातारा.

आणि पालघरच्या गोळीचं पुढे काय झालं? बातमीपाठोपाठ, 21 फेब्रुवारी 2025 ला, केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना पत्र धाडलं, की या जोडगोळीचे सगळे उत्पादन परवाने आणि निर्यातीची ना-हरकत प्रमाणपत्रं मागे घ्या. संसद भरली नाही, विधेयक आलं नाही, समिती बसली नाही. एक पत्र पुरलं. ते पत्र बीबीसीच्या आधीही लिहिता आलं असतं.