हरणाऱ्या जोडीचा भाव

मिसिसागा, कॅनडा
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप मोठेबाबांस,


आम्ही इकडे खुशाल आहोत. पावसानं सोयाबीनची माती केली आणि आता कपाशीची धास्ती आहे, हे आईच्या फोनवरून कळलं. त्यात सरकारनं परदेशी कापसावरचं आयात शुल्क डिसेंबरपर्यंत उठवलं. लांब धाग्याला 8,110 रुपये हमीभाव जाहीर झालाय खरा, पण तो कागदावरून दारव्ह्याच्या बाजारात उतरेपर्यंत त्याचं काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार!

भावाचाच विषय निघाला म्हणून लिहितो. परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "अबे, तो पोट्टा ज्या टीमच्या मांगं येडा झाला, ते जिंकते तरी का?" मी नाही म्हटलं आणि फोन कटला. उरलेलं उत्तर पत्रात देतो.

टीमचं नाव टोरोंटो मेपल लीफ्स. हॉकी, पण आपली नव्हे, बर्फावरची. पायात पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, आणि मधूनच दोघे जण हातमोजे फेकून एकमेकांना बुकलायला लागतात. पंच बाजूला उभे राहून त्यांचं उरकायची वाट पाहतात. या टीमनं लीगचा स्टॅनले कप शेवटचा जिंकला 1967 साली. तेव्हा लीगमध्ये सहाच टीम होत्या. आता 32 आहेत. कप फिरत असतो, आमच्या दारी तेवढा येत नाही.

आता ऐका. 'फोर्ब्स' मासिकानं मागच्या डिसेंबरात सगळ्या टीमच्या किमती लावल्या, त्यात पहिला नंबर आमचाच! 380 कोटी अमेरिकन डॉलर, म्हणजे आपले 32-33 हजार कोटी रुपये. सगळ्यात तळाच्या कोलंबसच्या टीमलासुद्धा 100 कोटी डॉलर लावलेत.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी घड्याळात मागं पडली तर संध्याकाळी तिला चारा घालायचंही धुरकऱ्याच्या जिवावर येतं. जिंकली, तर लोक वशिंडावर हात फिरवत भाव विचारतात. इथं जोडी 58 वर्षं हरते आहे आणि भाव चढतोच आहे.

तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो : "कायले?"

एक तर टीम विकत मिळत नाहीत. 1967 मध्ये लीगनं सहा नव्या टीम घेतल्या तेव्हा प्रवेश फी प्रत्येकी 20 लाख डॉलर होती. सिअ‍ॅटलवाल्यांना 2018 मध्ये त्याच दाराशी 65 कोटी मोजावे लागले. गिऱ्हाईक भरपूर, माल बत्तीस नग. दुसरं म्हणजे इथले प्रेक्षक. मैदानात अठरा हजारांवर खुर्च्या, घरचे सामने 41, आणि टीम कशीही खेळो, खुर्ची रिकामी मिळायची मारामार. खालच्या महागड्या रांगा कंपन्यांनी घेऊन ठेवलेल्या. तिथली कोटवाली मंडळी मध्यंतरात खायला गेली की खेळ सुरू झाला तरी सावकाश परततात. खरे वेडे वर, छताला लागून. आम्ही त्यांच्यात. तिथून चकती दिसत नाही. बाकीचे ओरडले की आपण ओरडायचं.

मैदानावर एका बँकेचं नाव आहे. त्या नावासाठी बँकेनं वीस वर्षांचे 80 कोटी कॅनेडियन डॉलर कबूल केले आहेत. खर्चाला मात्र कुंपण आहे. या मोसमात कोणत्याही टीमला खेळाडूंच्या पगारावर 9 कोटी 55 लाख अमेरिकन डॉलरच्या वर जाता येत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की बाद फेरीत खेळाडूंना टीमचा पगारच नसतो. लीगच्या निधीतून बक्षीस मिळतं. तिकिटं तर तेव्हाच सगळ्यात महाग. मालक देव पाण्यात घालून बसतो तो कपासाठी की त्या तिकिटांसाठी, हे त्यालाच ठाऊक.

हे कुंपण कसं आलं, तेही तुमच्या कामाचं आहे. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये पट बंद केले तेव्हा आपल्याकडे पटाच्या बैलांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. इथं 2004 मध्ये मालकांनी आपणहून पट बंद केला. पगाराला मर्यादा मान्य करा, नाही तर खेळच नाही. अख्खा मोसम बुडाला, कप कोणालाच दिला नाही. शेवटी खेळाडू नमले, आणि पुढं टीमच्या किमती चढत गेल्या. बंदीनंतर भाव वाढलेला पाहिलाय कधी?

एक टीम तर भटकीच निघाली. तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरात, पगार अमेरिकन डॉलरात, त्यात कॅनेडियन डॉलर पडलेला. म्हणून विनिपेगची टीम 1996 मध्ये वाळवंटात, अ‍ॅरिझोनाला नेली. बर्फाचा खेळ, वाळवंटात! तिथं शेवटी विद्यापीठाच्या पाचेक हजार खुर्च्यांच्या मैदानावर दिवस काढले. मैदान नाही, कप नाही, प्रेक्षक बेताचे. 2024 मध्ये ती यूटाला गेली, 120 कोटी डॉलरला.

'फोर्ब्स'चा आकडा हा पारावरचा अंदाज समजा, खरी किंमत व्यवहार झाला की कळते. आमच्या टीमच्या मूळ कंपनीत दोन टेलिफोन कंपन्यांची भागीदारी होती. यंदा 1 जुलैला रॉजर्सनं बेलचा साडेसदतीस टक्के वाटा घेतला, 470 कोटी कॅनेडियन डॉलरला. त्यात बास्केटबॉलची आणि फुटबॉलची टीमही आली. या लीगचे देशभराचे प्रक्षेपण हक्कही त्यांनी पुढच्या वर्षापासून बारा वर्षांसाठी 1,100 कोटी कॅनेडियन डॉलर देऊन राखून ठेवलेत. टीम त्यांची, चॅनेल त्यांचं, मोबाइलही त्यांचाच. टीम हरली म्हणून मी मोबाइलवर कोणाला शिव्या दिल्या, तरी बिल त्यांच्याच खात्यात जमा.

आमच्याकडे सामना पंजाबीत ऐकतात. 2008 पासून पंजाबी समालोचन आहे, आणि इंग्रजीपेक्षा त्यात जीव जास्त. पोरगं आता पंजाबीत ओरडतं आणि मराठीत रडतं.

रडायचा दिवस 18 मे. तुमच्यासाठी ही तारीख चांगली, 2023 मध्ये त्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं पट कायमचे मोकळे केले. यंदा त्याच तारखेला आमची टीम घरच्या मैदानावर सातव्या, निर्णायक सामन्यात फ्लोरिडाकडून 6-1 नं हरली. लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. सूनबाई म्हणाली, "पुढच्या मोसमात हेच लोक नवी विकत घेतील, बघा." नुकताच नवा मोसम सुरू झाला. दुकानात रांग होती. रांगेत आम्हीही होतो.

मोठ्याईला नमस्कार. गुडघ्याचं औषध बंद करू नका. दिवाळीला फोन करतोच.

तुमचा,
बाळू

ता. क. : दिग्रसच्या भाच्यानं जर्सी मागितली आहे, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. किंमत विचारू नका. तुम्ही आधी कापड चिमटीत धरून पाहाल, म्हणून सांगून ठेवतो : कापसाचा एक धागा नाही, सगळं पॉलिस्टर आहे.